आजीचं पुरुमेत आणि ताळगावची खोली

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख माझ्या हातून गेली. तारीख मला माहीत नव्हती असं नाही. व्हॉट्सॲपवर आली त्याच दिवशी मी तो मेसेज स्टार करून ठेवला होता. उत्पन्नाचा दाखला तयार होता, आधारची झेरॉक्स होती, पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करून ठेवलेलं होतं. फक्त ‘आज रात्री बसून भरते’ असं मी ओळीने अकरा रात्री म्हटलं आणि बाराव्या दिवशी सकाळी पाहिलं तर अर्ज बंद झालेला. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळाने म्हणाले, “बरं, जेवलीस ना?” आणि फोन ठेवला.

मी वाळपईजवळच्या एका गावातली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. घरून विद्यापीठात रोज ये-जा करायची तर दिवस बसमध्येच संपतो, म्हणून पणजीजवळच्या ताळगावात आम्ही तिघी एक खोली घेऊन राहतो. एक काणकोणची, एक पेडण्याची, एक मी. गोव्याची दोन टोकं आणि सत्तरीचं जंगल एका खोलीत, असं घरमालकीणबाई म्हणतात.

त्या अकरा रात्रींत मी नेमकं काय करत होते, ते मी नंतर वहीत लिहून काढलं. लिहिताना वाईट वाटत होतं, पण लिहिलं. संध्याकाळी साडेसहाला लॅबमधून परत यायचं. मग तिघींचा एकच प्रश्न: आज काय खायचं? एक म्हणायची भात लावूया, दुसरी म्हणायची भाजी कुठे आहे, तिसरी फोनवर हॉटेलांचे मेनू बघत बसायची. पाऊणएक तास असा जायचा आणि शेवटी नाक्यावरच्या गाड्यावरून रस-ऑम्लेट, म्हणजे तिखट रश्शातलं ऑम्लेट, यायचं. खाऊन झालं की उद्या काय घालायचं, कारण धुतलेलं काही नाही. मग मशीन कुणाची आधी. मग कुणाला किती पैसे द्यायचेत त्याचा हिशोब. मध्ये मध्ये फोन. साडेदहा वाजायचे आणि डोकं असं शिणलेलं असायचं की अर्जातला पहिला रकाना बघूनच उद्यावर ढकलावंसं वाटायचं.

मला छळत होतं ते वेगळंच. लॅबमध्ये मी अशी नाही. माझं जर्नल वेळेवर पुरं असतं, ब्युरेट धुतल्याशिवाय मी टेबल सोडत नाही, रीडिंग तीनदा घेते. तीच मुलगी खोलीवर आली की अशी का होते, याचं उत्तर मला बरेच दिवस सापडलं नाही.

मार्चमध्ये मी बरंच काही करून पाहिलं. सवयींचं एक ॲप घेतलं आणि त्यात चौदा चौकटी केल्या. रोज रात्री त्या भरणं हेच पंधरावं काम होऊन बसलं. पोमोदोरो पद्धत करून पाहिली. इटलीतल्या एका विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या गजरावरून ही पद्धत काढली: पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती. वाचायला बसले की ती चांगली चालते, आजही वापरते. पण माझी अडचण बसल्यानंतरची नव्हती, बसण्याआधीची होती. मग एका रविवारी कपाट रिकामं केलं आणि दोन पिशव्या कपडे देऊन टाकले. कपाट छान दिसलं. संध्याकाळी साडेसहाला प्रश्न तोच होता.

मे महिन्यात घरी गेले.

आमच्याकडे मे म्हणजे पुरुमेत. पावसाळ्याचे चार महिने घरात काय लागेल त्याची बेगमी. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘प्रोविमेंतु’वरून आलेला, अर्थ तरतूद. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला तर लोक पुरुमेताचं फेस्तच म्हणतात, कारण तिथे भरणाऱ्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, हीच खरेदी चालते. हिंदू काय, ख्रिस्ती काय, पावसाआधी सगळ्यांचा जीव याच्यातच गुंतलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. आजीच्या लहानपणी हा कायदा नव्हता, पण खवळलेला दर्या होता, आणि आमच्या भागात तर नदीनाले भरले की बाजारालाही जाता यायचं नाही. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, सोलं म्हणजे आमसुलं, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा, खारातले आंबे, मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. हे सगळं मी लहानपणापासून बघत आले होते. मदत मात्र कधी केली नव्हती, कारण मे म्हणजे माझी सुट्टी.

या वेळी आजीचा गुडघा दुखत होता म्हणून मी तिच्याबरोबर अंगणात बसले. सोलं करायची होती. पिकलेली भिंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, आतला बियांचा गर वेगळा काढायचा, साली सुपात पसरून उन्हात ठेवायच्या. गराला मीठ लावलं की त्याला जांभळट लाल रस सुटतो. संध्याकाळी साली त्या रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. दर खेपेला साल जास्त काळी, जास्त लवचीक होत जाते. पाचव्या दिवशी माझ्या बोटांची टोकं आणि नखांच्या कडा अशा रंगल्या होत्या की साबणाने निघेनात. आजी एकेक साल बोटात धरून दुमडून बघायची. मोडली तर जास्त वाळली, ओली लागली तर बुरशी येणार. तिच्या बोटांना ते कळत होतं, मला कळत नव्हतं, म्हणून ती माझ्या हातात साल द्यायची आणि “आता बघ” म्हणायची.

त्याच बैठकीत ती सगळं मोजत होती. घरात माणसं किती, सोमवार किती, चवथीला म्हणजे गणेशचतुर्थीला पाहुणे किती, श्रावणात मासळी नाही म्हणजे कडधान्य किती जास्त. कागद नाही, पेन नाही. मी म्हटलं, “आजी, आता दुकान पाच मिनिटांवर आहे. लागेल तेव्हा आणता येतं की.”

ती म्हणाली, “आणता येतं गो. पण पावसात सुचत नाही, बाये. आता ऊन आहे, आता सुचतं.”

मी सोल हातात धरून तशीच बसून राहिले. हे मला ठाऊक होतं. लॅबमध्ये मी रोज हेच करते.

आमच्याकडे प्रयोगाच्या दिवशी कुणी बसून आम्ल मोजून द्रावण बनवत नाही. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं स्टॉक सोल्युशन आधीच नीट करून ठेवलेलं असतं, बाटलीवर चिठ्ठी: नाव, तीव्रता, तारीख. लागेल तेव्हा त्यातलं १० मिलिलिटर पिपेटने घ्यायचं, १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरायचं की ०.१ मोलर, म्हणजे दहापट पातळ, द्रावण तयार. सगळी काळजी, सगळं डोकं स्टॉक बनवताना एकदाच लावायचं, शांतपणे, घाई नसताना. मग आठवडाभर हात आपोआप चालतात आणि लक्ष प्रयोगावर राहतं. लॅबमधली मी आणि खोलीवरची मी यांत फरक एवढाच होता. खोलीवर मी रोज संध्याकाळी, भुकेच्या वेळी, दमलेली असताना, सगळं पहिल्यापासून ठरवायला बसत होते. म्हणजे भर पावसात.

जूनमध्ये परत आले तेव्हा आजीने दोन पिशव्या दिल्या आणि मी दोघींना रविवारी सकाळी बसवलं. आठवड्याचं पुरुमेत. दोघींना शब्द लगेच कळला, समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या खोलीत फ्रिज नाही, म्हणून टिकणाऱ्या गोष्टींवरच सगळं बसवावं लागलं. सोमवारी मूग, मंगळवारी अळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) तोणाक, म्हणजे रस्सा-उसळ, बुधवारी डाळ आणि सोलकढी, गुरुवारी वाटाणे, शुक्रवारी सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे कोशिंबीर. सोमवारी आम्ही तिघीही मासळी खात नाही, ते आपोआपच जमलं. शनिवार मोकळा, त्या दिवशी बाहेर. रविवारी सुंगटं साफ करून, भाजून, थंड झाल्यावर भरणीत. शुक्रवारी फक्त नारळ खवायचा, कांदा चिरायचा, चिंचेचा कोळ घालून कालवायचं. आदल्या रात्री कडधान्य भिजवणं ज्या दिवशी जिच्याकडे, तिचं नाव भिंतीवर. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. त्याच्या सायकलचा भोंगा वाजला की जी जागी असेल ती खाली जाऊन तीन पोई (कोंड्याचे गोल पाव) आणते. दुपारी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये. रात्री उकड्या तांदळाचा भात कुकरला. पहिल्या सोमवारी साडेसहाला परत आलो आणि सव्वासातला जेवण तयार होतं. काणकोणची म्हणाली, “आता काय करायचं?” खरंच, पुढे काय करायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. एवढी मोठी संध्याकाळ आम्ही त्या खोलीत पाहिलीच नव्हती.

ती मोकळी संध्याकाळ पहिल्या आठवड्यात फोनने खाल्ली. मग बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. रात्री आठ ते दहा तिघींचे फोन त्यात, डबा गॅसच्या वरच्या फळीवर. घरच्यांना सांगून ठेवलं की निकड असेल तर दोनदा लावा, रिंग चालू असते. पहिले चार-पाच दिवस माझा हात वाचता वाचता उशीकडे जायचा. तिथे काही नाही हे बोटांना कळल्यावर मी पुन्हा पानाकडे वळायची. एका रात्री मोजलं, दोन तासांत हात एकोणीस वेळा गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं, चार वेळा. त्यापलीकडे तो कमी झाला नाही आणि मी त्याच्या मागे लागले नाही.

तारखा मी फोनमधून काढल्या. भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याच्या चौकटीत आता सबमिशन, अर्ज, फी, परीक्षा सगळं लिहिलं जातं. पण शेवटची तारीख मी लिहीत नाही. तिच्या आधीचा रविवार शोधते आणि त्या चौकटीत लिहिते. शेवटची तारीख ही पावसातली तारीख, तिच्यावर काही टाकायचं नाही.

कपड्यांचं पावसाळ्यानेच ठरवलं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. जाड जीन्स तीन दिवस वाळत नाही, वर तिला वास येतो. पाच पातळ सुती कुर्ते, तीन सलवारी, सोमवार ते शुक्रवार ठरलेले. कुणी काही म्हटलं नाही. बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पैशांसाठी रविवारी आठवड्याचे रोख काढून पाकिटात ठेवते, कारण जानेवारीत मी यूपीआयने शहाण्णव वेळा पैसे दिले होते आणि त्यातले सत्तर तरी वीस-तीस रुपयांचे, काय घेतलं ते न आठवणारे. खाजगी बसमध्ये सुटे लागतातच. यावर जास्त सांगण्यासारखं नाही, पाकीट संपलं की संपलं.

शनिवारची सकाळ मात्र मला फार आवडायला लागली. मी पणजीत पाट्टोला कृष्णदास शामा ग्रंथालयात जाते. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय कदंबच्या बसस्थानकापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. तिथे बसलं की चहा, कपडे, मशीन, काहीच हाताशी नसतं. आठवड्याचं सगळ्यात अवघड प्रकरण मी तिथेच वाचते. एक आड एक शनिवारी दुपारी तिथूनच स्थानकावर जाऊन घरची बस धरते. पूर्वी ‘या आठवड्यात घरी जाऊ की नको’ यावर माझे दोन दिवस जायचे.

सगळंच असं जमलं नाही. ऑगस्टअखेर चवथीला तिघीही घरी गेलो. आमच्याकडे माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताला, रानातली फळं आणायला बाबांबरोबर सकाळी सकाळी जायचं असतं, आरत्या असतात, पाहुणे असतात, तिथे कुणाला सोमवार-मंगळवार आठवतो? परत आलो तर भरणीचं झाकण नीट न लागल्यामुळे सुंगटांना बुरशी आलेली, तांदळात किडे, आणि भिंतीवरच्या कागदावर दोन आठवड्यांपूर्वीची नावं. पुढचे बारा दिवस पुन्हा रस-ऑम्लेट. मला रडू आलं, कारण मला वाटलं होतं की मी बदलले आहे. आजीला फोन केला तर ती म्हणाली, सुंगटं टाकून दे, भरणी गरम पाण्याने धू, उन्हात उलटी ठेव आणि पुन्हा भर. तिने एवढंच सांगितलं. तिचीही कधी कधी खराब होतात, तेव्हा ती हेच करते. मी सगळं एकदम सुरू करायला गेले नाही, फक्त पुढच्या रविवारी सकाळी बसले. बाकीचं दोन आठवड्यांत आपसूक मागे आलं.

दुसरी चूक मला जास्त लागली. जुलैमध्ये मी वेळापत्रकात ‘आईला फोन: बुधवार, रविवार, साडेनऊ’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, आता विसरणार नाही. तीन आठवडे अगदी वेळेवर केले. चौथ्या बुधवारी आई फोन उचलून म्हणाली, “हां, आज बुधवार ना.” आवाजात राग नव्हता. कामवालीचा पगार कोणत्या तारखेला, तसं तिने ते सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लॅबमध्ये स्टार्चचं द्रावण साठवून ठेवत नाहीत. आयोडीनच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजण्यात, शेवटी शेवटी तेच घालतात, निळा रंग यायला. पण ते ठेवलं की त्यात जंतू वाढतात, मग रंग धड उमटत नाही आणि शेवटचा बिंदू चुकतो. म्हणून त्याच दिवशी चमचाभर स्टार्च कालवून, उकळत्या पाण्यात ओतून, ताजं करायचं. मी वेळापत्रकातली आईच्या फोनची ओळ खोडली. आता आईला फोन कधी जातो ते सांगता येत नाही. कधी पोई आणायला खाली उतरते तेव्हा, कधी बसमध्ये. कधी चार दिवस जात नाही, मग ती करते आणि म्हणते, “मेलीस काय गो?” तसं म्हणते तेव्हा मला बरं वाटतं. रविवारची संध्याकाळही आम्ही तशीच मोकळी ठेवली आहे. बहुतेकदा पणजीला जाऊन फेरीबोटीने बेतीला उतरतो, पलीकडे चहा पितो, परत येतो. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. बोटीच्या कठड्याला टेकून पेडण्याची मैत्रीण जे बोलते ते ती खोलीत कधीच बोलत नाही.

माझे गुण वाढले का, असं बाबांनी विचारलं. थोडे वाढले. पण तेवढ्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. रात्री दिवा मालवताना ‘आजही राहिलं’ असं जे छातीवर बसायचं ते आता रोज बसत नाही, आणि हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. माझ्यासारख्या खोल्या पणजी-ताळगाव-सांताक्रुझला शेकड्यांनी असतील, आणि साडेसहा वाजता तिथेही तोच प्रश्न पडत असेल. त्यातल्या कुणाचीही आजी मे महिन्यात अंगणात बसत असेल तर तिच्या शेजारी जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं. हात रंगतात, रंगू द्यावेत.

या वर्षी शिष्यवृत्तीची सूचना जानेवारीत आली. मी कालनिर्णयावर पुढचा रविवार शोधला. त्या सकाळी सुंगटं भाजून थंड व्हायला ठेवली, गच्चीत बसले आणि अर्ज भरायला घेतला. दाखला, आधार, पासबुक, फोटो. बावीस मिनिटं लागली. पावती आली तशी मी बाबांना पाठवली. दोन मिनिटांत फोन आला, पण पलीकडे आजी होती. तिला पावतीचं काही नव्हतं. खारातले आंबे किती उरले ते विचारत होती, म्हणजे यंदा किती घालायचे ते तिला ठरवता येईल.

मी खाली जाऊन भरणीचं फडकं सोडलं आणि मोजले.

“सात आहेत, आजी.”

“मग यंदा दहा जास्त घालते,” ती म्हणाली. “तुम्ही तिघी आहात.”